ब्रिटनचे वार्तापत्र : थायरॉइडचा रिपोर्ट आणि तीन महिन्यांची वाट

ब्रिटनमध्ये थायरॉइडची तपासणी बहुतेक वेळा एकाच आकड्यापासून सुरू होते. तो आकडा टीएसएचचा. पुण्या-मुंबईत जवळच्या लॅबमध्ये रक्त दिले, पैसे भरले, की टी-३, टी-४ आणि टीएसएच असा पूर्ण ‘थायरॉइड प्रोफाइल’ संध्याकाळपर्यंत मोबाइलवर येतो. डॉक्टरांची चिठ्ठी नसली तरी चालते. ब्रिटनमधली वाट मात्र जीपीच्या दवाखान्यातून जाते. घराजवळच्या ज्या दवाखान्यात माणसाने नाव नोंदवलेले असते, तिथला डॉक्टर म्हणजे जीपी. कोणती तपासणी करायची आणि तज्ज्ञाकडे कधी पाठवायचे, हे तोच ठरवतो. १९४८ मध्ये सुरू झालेल्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत त्याची भेट आणि रक्ततपासणी या दोन्हींचे पैसे पडत नाहीत. खासगी लॅब आहेत, पण त्यांचा रिपोर्ट घेऊन गेल्यावरही जीपी बहुधा स्वतःची तपासणी पुन्हा करून घेतो.

एकच आकडा का, याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. टीएसएच थायरॉइडमधून येत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युइटरी ग्रंथी ते सोडते. रक्तात थायरॉइडचे हार्मोन (टी-४ आणि टी-३) कमी पडू लागले की पिट्युइटरी टीएसएच वाढवते, जास्त झाले की आवरते घेते. ही प्रतिक्रिया फार तीव्र असते. टी-४ थोडेसे खाली आले, अजून नॉर्मल पट्ट्यातच असले, तरी टीएसएच दुप्पट-तिप्पट झालेले दिसू शकते. म्हणून बिघाडाची पहिली चाहूल टीएसएचमध्ये लागते. वैद्यकीय मार्गदर्शिका काढणाऱ्या ‘नाइस’ या राष्ट्रीय संस्थेने नोव्हेंबर २०१९ मध्ये थायरॉइडची मार्गदर्शिका काढली आणि हाच क्रम घालून दिला. आधी टीएसएच; ते वाढलेले निघाले तर त्याच नमुन्यातून फ्री टी-४; कमी निघाले तर फ्री टी-४ आणि फ्री टी-३. टीएसएच पट्ट्यात असेल तर पुढची तपासणी बहुधा होतच नाही. भारतातून नुकत्याच आलेल्या रुग्णाला तीनऐवजी एकच आकडा पाहून आपली तपासणी अर्धवट सोडल्यासारखे वाटते. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ती अर्धवट नसते.

जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवला की आणखी एक घोळ होतो. टीएसएचचे एकक दोन्ही देशांत वेगळे लिहिले जात असले तरी आकडा तोच राहतो. भारतातले ५ म्हणजे ब्रिटनमधलेही ५. टी-४ चे तसे नाही. भारतीय प्रोफाइलमध्ये पुष्कळदा एकूण टी-४ मायक्रोग्रॅममध्ये दिलेले असते. त्याचा जवळजवळ सगळा भाग रक्तातल्या प्रथिनांना बांधलेला असतो आणि गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे तो आकडा फुगतो. ब्रिटनमध्ये फक्त मोकळे, म्हणजे फ्री, टी-४ मोजतात आणि ते पिकोमोलमध्ये लिहितात. भारतातल्या रिपोर्टवर फ्री टी-४ एक नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर इथे ते सुमारे १३ दिसेल. आकडा तेरापट झाला म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

टीएसएचचा नॉर्मल पट्टा साधारण ०.४ ते ४ असा असतो, पण प्रत्येक लॅबचा थोडा वेगळा, म्हणून आकडा नेहमी त्याच रिपोर्टवर छापलेल्या पट्ट्याशी ताडून पाहावा. टीएसएच वाढलेले आणि फ्री टी-४ कमी, असे असेल तर निदान सरळ आहे : थायरॉइड मंदावले आहे आणि औषध लागणार. खरी ओढाताण होते ती टीएसएच ५, ६ किंवा ८ आणि फ्री टी-४ मात्र नॉर्मल असलेल्यांची. इथे डॉक्टर औषध न देता तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगतो. थकवा, वाढते वजन, गळणारे केस घेऊन आलेल्या माणसाला हे टाळाटाळ केल्यासारखे वाटते. पण या नियमामागे विचार आहे. आजारातून उठताना टीएसएच काही काळ वर जाते, रात्री आणि पहाटे ते दिवसापेक्षा जास्त असते, आणि किंचित वाढलेला आकडा पुष्कळदा आपोआप खाली येतो. शिवाय तीच लक्षणे लोहाच्या, बी-१२ च्या कमतरतेत आणि नैराश्यातही असतात. दोनदा, तीन महिन्यांच्या अंतराने, टीएसएच १० किंवा त्याहून जास्त आले तर औषधाचा विचार करावा, असे मार्गदर्शिका सांगते. १० च्या खाली असेल, वय ६५ च्या आत असेल आणि लक्षणे असतील, तर सहा महिने औषध देऊन पाहता येते. ही तरतूद रुग्णाला माहीत असावी आणि त्याने ती नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावी.

या सबुरीला आधार ब्रिटनमधल्याच एका अभ्यासाचा आहे. १९७२ ते १९७४ या काळात इंग्लंडच्या ईशान्येकडील विकहॅम भागात २७७९ प्रौढांची थायरॉइड तपासणी झाली आणि वीस वर्षांनी त्याच लोकांचा पुन्हा शोध घेतला गेला. ज्या स्त्रियांचे टीएसएच वाढलेले होते आणि रक्तात थायरॉइडविरोधी अँटिबॉडीही होत्या, त्यांच्यापैकी दरवर्षी सुमारे ४.३ टक्के स्त्रियांचे थायरॉइड पुरते मंदावले. नुसतेच टीएसएच वाढलेले असेल तर हे प्रमाण २.६ टक्के. म्हणून टीएसएच वाढलेले असेल तेव्हा थायरॉइडविरोधी टीपीओ अँटिबॉडीची तपासणी उपयोगाची ठरते. ती एकदाच करायची; दरवर्षी तो आकडा पाहून उपचार बदलत नाहीत.

या पद्धतीत एक आंधळी जागा आहे आणि ती गंभीर आहे. दोष थायरॉइडमध्ये नसून पिट्युइटरीत असेल, तर टी-४ खाली जाऊनही टीएसएच वाढत नाही. ते नॉर्मल दिसते आणि तपासणी तिथेच थांबते. बाळंतपणात फार रक्तस्राव झालेला असणे, त्यानंतर दूध न येणे, पाळी बंद होणे, सततची डोकेदुखी, नजरेच्या कडा अंधुक होणे, डोक्याला मोठा मार लागलेला असणे, यांतले काहीही असेल तर ते जीपीला सांगितलेच पाहिजे. तसा संशय असेल तर टीएसएच आणि फ्री टी-४ दोन्ही तपासावेत असे मार्गदर्शिकेतच आहे. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरला हे आपणहून विचारायला वेळ होईलच असे नाही. केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांचीही माहिती द्यावी. त्यांच्यामुळे काही यंत्रांवर आकडे चुकीचे येतात आणि थायरॉइड जोरात चालत असल्याचा भास होतो.

थायरॉइड खरोखरच जोरात चालत असेल तर जीपी रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवतो. तिथे थायरॉइड जोरात चालवणाऱ्या ग्रेव्ह्ज आजाराच्या अँटिबॉडी तपासतात. थायरॉइड आवरणारे कार्बिमाझोल हे औषध सुरू असताना ताप किंवा घसा दुखू लागला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचे असते, कारण पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात.

मंद थायरॉइडवरचा पहिला यशस्वी उपचार याच देशातला. न्यूकॅसलचे डॉक्टर जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती त्यानंतर २८ वर्षे जगली. आज लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे कृत्रिम टी-४ ची, गोळी पुरते. ती सकाळी उपाशीपोटी, चहा-नाश्त्याच्या किमान अर्धा तास आधी घ्यायची. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास दूर ठेवायच्या. डोस स्थिरावेपर्यंत दर तीन महिन्यांनी टीएसएच, मग वर्षातून एकदा. टीएसएच फार वाढलेले असेल तर ते पट्ट्यात यायला सहा महिनेही लागतात. भारतात ६२.५ किंवा ८८ मायक्रोग्रॅमच्या गोळ्या मिळतात. इथे मुख्यतः २५, ५० आणि १०० च्या गोळ्या जुळवून डोस बसवतात. टी-३ ची गोळी सहसा देत नाहीत. २००९ मध्ये सुमारे २० पौंडांना पडणारे तिचे पाकीट २०१७ पर्यंत २४८ पौंडांवर गेले होते, आणि या भाववाढीबद्दल स्पर्धा नियामकाने २०२१ मध्ये संबंधित कंपन्यांना १० कोटी पौंडांहून अधिक दंड केला.

एक सवलत मात्र अनेकांना ठाऊक नसते. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे सुमारे दहा पौंड द्यावे लागतात, पण कायम लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्याला जीपीच्या सहीने पाच वर्षांचे माफीपत्र मिळते आणि त्यावर एनएचएसने लिहून दिलेली सगळीच औषधे मोफत होतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये हे शुल्कच नाही.

थायरॉइडला हार्मोन बनवायला आयोडीन लागते, म्हणून मिठाकडेही लक्ष द्यावे. भारतात खाण्याचे मीठ आयोडीनयुक्त असण्याची सक्ती आहे, ब्रिटनमध्ये नाही. इथल्या लोकांना आयोडीन बरेचसे दुधातून आणि माशांतून मिळते. दूध सोडून ओट किंवा बदामाच्या दुधाकडे वळलेल्या शाकाहारी घरांनी पाकिटांवरची आयोडीनची माहिती वाचून घ्यावी.

ब्रिटनला येणाऱ्यांनी जुने रिपोर्ट एकक आणि पट्ट्यासकट सोबत आणावेत, गोळ्यांचा डोस लिहून आणावा आणि पहिल्याच आठवड्यात जीपीकडे नाव नोंदवावे. ‘नॉर्मल आहे’ एवढ्या निरोपावर न थांबता एनएचएसच्या ॲपवर किंवा दवाखान्यात मागून प्रत्यक्ष आकडा पाहावा. लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रीला दिवस गेल्याचे कळताच तिने वार्षिक तपासणीची वाट न पाहता लगेच जीपीला कळवावे. गरोदरपणात डोस बहुधा वाढवावा लागतो.