विसाव्या वर्षीचे संशोधन

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. स्वायत्त महाविद्यालयांत ते एक वर्ष आधीच आले होते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवी घेता येते. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात १२ श्रेयांकांचा प्रबंध आहे. एम.फिल. बंद झाली आहे आणि चार वर्षांची पदवी चांगल्या गुणांनी घेतलेला विद्यार्थी थेट पीएच.डी.ला पात्र ठरतो. एम.ए.नंतर ज्या कामाशी गाठ पडायची, ते आता विशीतच समोर येऊन उभे राहणार. मराठी विभागांमध्ये याची धास्ती आहे. ज्यांना कवितेचे रसग्रहण धड लिहिता येत नाही ते प्रबंध काय लिहिणार, असे प्राध्यापक काळजीने विचारतात. मला मात्र या बदलात मोठी संधी दिसते. मराठीत प्राथमिक स्वरूपाचे इतके काम पडून आहे की पदवीचा विद्यार्थीही त्यात खरी भर घालू शकतो. त्याला योग्य कपाटापाशी नेऊन बसवणारा शिक्षक मात्र हवा.

बहुतेक प्रकल्पांची गाडी विषयापाशीच अडते. ‘ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण’, ‘दलित कवितेतील विद्रोह’ हे विषय वर्षानुवर्षे वाटले जातात. ते वाईट आहेत असे नाही, पण एका वर्षात ते कोणालाच पेलत नाहीत. मग विद्यार्थी चार समीक्षाग्रंथांतले उतारे जोडतो आणि शेवटी विद्रोह होता एवढेच सांगतो. याच इलाक्यातला पेलणारा विषय कसा असेल? गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून चालवलेल्या ‘अस्मितादर्श’चे सुरुवातीच्या वर्षांतले अंक घ्यावेत. त्यांत कोण लिहीत होते, कोणत्या गावांहून लिहीत होते, त्यांतल्या किती कवींचे पुढे पुस्तक निघाले, हे पाहावे. उत्तर आधी ठाऊक नसते, म्हणून अंक उघडावेच लागतात. विषय पारखायची माझी कसोटी एवढीच आहे.

छोट्या प्रश्नातून केवढे निघते याचा मराठीतला सर्वांत बोलका दाखला ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’चा आहे. बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ साली हा निबंध पुण्यात छापून घेतला. सुरतच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवरचा खटला आणि त्यानिमित्ताने ‘पुणेवैभव’ पत्राने स्त्रियांवर केलेली टीका, हे त्या लेखनाचे निमित्त होते. पुढे पुस्तक विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशित केले आणि मराठी स्त्रीलेखनाचा इतिहास नव्याने मांडावा लागला. विशेष म्हणजे या पुस्तकाचा माग महात्मा फुल्यांच्या ‘सत्सार’मध्ये आधीपासून होता, फुल्यांनी तिथे ताराबाईंची बाजू घेतली आहे. छापील मजकुरातला एखादा उल्लेख वाचून ‘हे पुस्तक आज कुठे मिळेल?’ असे विचारणे, संशोधनाची सुरुवात याहून वेगळी नसते. आणि प्रश्न इथे संपलेलाही नाही. ताराबाई ज्या मजकुराला उत्तर देत होत्या तो मजकूर आणि त्यांचे उत्तर शेजारी ठेवून मुद्द्यामागून मुद्दा ताडून पाहणे, हे पदवीच्या प्रबंधाला शोभणारे आणि झेपणारे काम आहे.

याच मालशे यांनी ‘शोधनिबंधाची लेखनपद्धती’ हे पुस्तकही लिहिले. टिपण कसे घ्यावे, तळटीप कशी द्यावी, संदर्भ कसा नोंदवावा हे मराठीत नीट सांगणारे पुस्तक हातात असताना विद्यार्थ्यांना इंग्रजी पुस्तिकांच्या झेरॉक्स का वाटायच्या? चौथ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात हे पुस्तक वर्गात बसून वाचून घ्यावे.

दुसरे साधन शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीचे. पहिला खंड १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातल्या ग्रंथांचा. नियतकालिकांची सूचीही दात्यांनी सहकाऱ्यांसह केली. अ. का. प्रियोळकरांनी सुरुवातीच्या मुद्रित ग्रंथांची, म्हणजे दोलामुद्रितांची नोंद केली. गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयाकडे जायचे तरी प्रियोळकरांचेच बोट धरावे लागते. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या किती जणांनी दात्यांची सूची प्रत्यक्ष उघडली असेल? विद्यार्थ्याला एक दुपार या सूचीसोबत एकटे सोडावे. आपल्या तालुक्याच्या गावी शंभर वर्षांपूर्वी छापखाना होता, तिथून पुस्तके निघत होती, असे एखाद्याला त्यात सापडते आणि त्याचा विषय तिथेच ठरतो.

नियतकालिके हा तर अजून नीट न उपसलेला साठा आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः वाचकांपुढे आली. आज आपण ती सलग पुस्तक म्हणून वाचतो. दर आठवड्याला थोडीथोडी वाचणाऱ्याला ती कशी भेटली असेल, हप्ता कुठे तोडला आहे, शेजारी काय छापले आहे, हे जुने अंक पाहिल्याशिवाय कळणार नाही. केशवसुत १९०५ साली गेले. त्यांच्या कवितांचा संग्रह हरिभाऊंनी १९१७ साली प्रसिद्ध केला. आधी मासिकांत छापलेली कविता आणि संग्रहातली कविता यांचे पाठ ताडून पाहणे, तेही दहाच कवितांपुरते, हे पाठचिकित्सेचे उत्तम पहिले पाऊल ठरेल. अशा कामाला मोठा सिद्धान्त लागत नाही. सावध डोळे आणि चिकाटी लागते, आणि या दोन्ही गोष्टी विसाव्या वर्षी असतात.

दिवाळी अंकांचेही तेच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासूनच्या या परंपरेत कथा, व्यंगचित्रे, जाहिराती, मुखपृष्ठे आणि परिसंवाद यांचा प्रचंड साठा झाला आहे. एकाच अंकाच्या दहा वर्षांच्या अनुक्रमणिका काढल्या, लेखिकांचे प्रमाण पाहिले, कोणत्या वस्तूंच्या जाहिराती आल्या ते नोंदवले, तरी वाचकवर्ग कसा बदलला ते दिसू लागते. शिवाय अशा प्रबंधाच्या परिशिष्टात दिलेली सूची पुढच्या अभ्यासकाला आयती मिळते. निष्कर्ष कच्चा राहिला तरी सूची टिकते. म्हणून पदवीच्या प्रत्येक प्रबंधाला एक तरी सूची जोडलेली असावी, असे मला वाटते.

ग्रंथालय दूर असलेल्या महाविद्यालयांना मौखिक साहित्य जवळचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. आपल्या आजीच्या, मावशीच्या तोंडच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून त्या संग्रहाशी पडताळणे हेही संशोधनच आहे. त्यात सांगणाऱ्या बाईचे नाव तिच्या परवानगीने लिहावे, तिचे शब्द प्रमाण भाषेत ‘सुधारू’ नयेत, एवढी शिस्त पाळायला हवी.

उचलेगिरीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला शिक्षा नाही. विद्यार्थी हा आकडा पाठ करतात आणि वाक्ये फिरवून लिहायला शिकतात. आता भर यंत्रलिखित मजकुराची. हे यंत्र अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचा संदर्भही ठामपणे देते. मार्गदर्शकाने टक्केवारी मोजण्याआधी टिपणे मागावीत. कोणते पान, कोणती आवृत्ती, कुठल्या ग्रंथालयात पाहिले, हे विचारावे. ज्याने अंक स्वतः हाताळला आहे तो न अडखळता सांगतो. यासाठी एका शिक्षकाकडे मोजकेच विद्यार्थी असावेत. वीस-वीस मुले एकाच्या गळ्यात बांधली, तर हा उपक्रम पहिल्याच वर्षी औपचारिक होऊन बसेल.

लिहिण्याबाबत थोडेच सांगतो. पन्नास पाने पुरेत. प्रस्तावना शेवटी लिहावी. लेखकाच्या चरित्राचे प्रकरण, विषयाला गरज नसेल तर, वगळावे. प्रबंध पूर्ण झाल्यावर त्याची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोंद होऊन राहिली पाहिजे, म्हणजे पुढच्या वर्षीची मुले तिथून पुढे जातील.

वाचकांनाही एक विनंती. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनी शंभराहून अधिक वर्षे जपलेले सगळेच सगळीकडे मिळत नाही. तुमच्या घरी माळ्यावर जुने दिवाळी अंक, बंद पडलेल्या मासिकांच्या फायली, वडिलांची बांधून ठेवलेली कात्रणे असतील, तर ती रद्दीत देण्याआधी जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला एक फोन करा.