पान ४१ वर अडकलेली मी

खरं सांगा, ‘सध्या काय वाचतोयस?’ असं कुणी विचारलं की तुमच्या तोंडून कुठलं नाव बाहेर पडतं? जे पुस्तक आत्ता खरंच उशाशी पडलंय त्याचं, की समोरच्याला ऐकून बरं वाटेल असं एखादं? माझ्याकडे दुसऱ्या प्रकारचं उत्तर कायम तयार असायचं. ‘कोसला’.

जवळजवळ दोन वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत होते. मास कॉमच्या ॲडमिशनचा इंटरव्ह्यू असो, मैत्रिणीच्या ताईच्या साखरपुड्यात भेटलेले कुणीतरी प्राध्यापक काका असोत, नाहीतर इन्स्टाचा बायो असो. उत्तर एकदम सेफ. भालचंद्र नेमाडेंची ही कादंबरी १९६३ साली आली तेव्हा ते स्वतः पंचवीस वर्षांचे होते, म्हणजे आपल्याहून दोन-चार वर्षांनीच मोठे. सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, त्याचं होस्टेल, मेस, कॉलेजातल्या भानगडी, परीक्षेत झालेला बोऱ्या. एवढं तर पुस्तक न वाचताही माहीत असतं. समोरचा ‘अरे वा!’ म्हणतो आणि विषय बदलतो. तो इतक्या लगेच का बदलतो, हे मला फार उशिरा कळलं. बऱ्याचदा त्यानंही ते पूर्ण वाचलेलं नसतं!

माझ्या प्रतीत बुकमार्क म्हणून लोकलचं एक जुनं तिकीट होतं. पान ४१. दोन वर्षं तिथेच.

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस आपल्याकडे २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. साजरा होतो म्हणजे काय, तर पुस्तक हातात धरून फोटो काढले जातात. आमच्या लायब्ररीत त्या दिवशी एक बोर्ड लावला होता. आपलं नाव, वर्ग आणि सध्या वाचत असलेलं पुस्तक एका चिठ्ठीवर लिहून तिथे चिकटवायचं. मी काय लिहिलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

तीन दिवसांनी एफवायची एक मुलगी मला शोधत आली. ‘ताई, तुम्ही कोसला वाचताय ना? मनी गेल्यानंतरचा भाग झाला का वाचून? मला त्यावर कुणाशी तरी बोलायचं होतं.’

मनी कोण हे मला माहीत नव्हतं. पण मी मास कॉमची. काहीच माहीत नसताना बोलण्यात तरबेज. मी म्हटलं, ‘हो, भारी लिहिलंय ना!’

‘भारी?’ असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. मग ‘बरं’ म्हणाली आणि गेली.

तिच्या रूममेटकडून नंतर कळलं, की आदल्या वर्षी तिचा धाकटा भाऊ गेला होता. त्या रात्री मी ते तिकीट काढून कचऱ्यात टाकलं आणि पुस्तक पहिल्यापासून सुरू केलं.

मनी ही पांडुरंगची धाकटी बहीण. तोवर सगळ्या जगाची टिंगल करत, हसवत, फाटे फोडत बोलणारा हा मुलगा ती गेल्यावर ज्या तऱ्हेनं बोलायला लागतो, ते वाचताना मला मध्येच पुस्तक मिटून गॅलरीत जावं लागलं. आणि या भागाला मी ‘भारी’ म्हणाले होते. दोन रात्रींत कादंबरी संपली. तिसऱ्या दिवशी तिच्या वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं, ‘मी तेव्हा खोटं बोलले. मी ते वाचलंच नव्हतं. आता वाचलंय.’

ती म्हणाली, ‘मला तेव्हाच कळलं होतं.’

त्यानंतर मी एक उद्योग सुरू केला. भेटेल त्याला विचारायचं, की सध्या काय वाचतोयस? अट एकच. सांगायला बरं दिसेल ते नको, आत्ता बॅगेत किंवा फोनमध्ये जे आहे ते दाखव. तुम्हीही करून बघा, धमाल येते. पहिली पाच मिनिटं सगळे ‘काही नाही गं’ असंच म्हणतात.

एमपीएससी करणारा एक मित्र म्हणाला, ‘मी काहीच वाचत नाही.’ त्याच्या बॅगेत लक्ष्मीकांतचं राज्यव्यवस्थेचं जाडजूड पुस्तक होतं. तिसरं रिव्हिजन, तीन रंगांच्या खुणा, कोपरे दुमडलेले. ‘हे वाचन थोडीच आहे? हा अभ्यास!’ मी वर्षभरात एकही पुस्तक इतक्या जवळून वाचलेलं नाही, राव. विरारहून येणारी एक मैत्रीण शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ऐकते, गाडीत उभ्यानं, दीडपट स्पीडवर. दहावीच्या सुट्टीत वाचली तेव्हा ती फक्त कर्णाचे भाग वाचून बाकीचे उडवायची. या कादंबरीत वेगवेगळी माणसं आळीपाळीनं बोलतात, आणि आता ती वृषालीचा भाग परत परत ऐकते. ऐकलेलं वाचलेलं धरायचं का, यावर आमच्या ग्रुपमध्ये अजून भांडण चालू आहे. माझं मत, धरायचं.

एका टीवायच्या मुलाला परीक्षा आली की फास्टर फेणे लागतो. भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा बनेश. ‘प्रत्येक वेळी तो सुटणार हे माहीत असतं. पेपरच्या आदल्या रात्री मला तेवढंच पाहिजे असतं.’

आणि एकाच्या बॅगेत दया पवारांचं ‘बलुतं’ होतं. १९७८ साली आलेल्या या आत्मकथनाची त्याच्या आईची प्रत, कॉलेजात असताना घेतलेली. तिनं जागोजागी पेन्सिलनं रेघा मारल्यात. हा पठ्ठ्या आधी फक्त रेघा मारलेला मजकूर वाचून काढतोय. ‘आईनं हे वाक्य का निवडलं असेल, असा विचार करत बसतो.’ आईला विचारलंस का, म्हटलं. तो म्हणाला, ‘अजून नाही. आधी वाचून तर होऊ दे.’

आता माझं. माझ्या बॅगेत सध्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आहे, दुसऱ्यांदा. १९५५ सालची कादंबरी. धनगरांच्या छोट्याशा वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो. नववीत वाचली तेव्हा मास्तर मला मोठा माणूस वाटला होता, आमच्या शाळेतल्या सरांसारखा. आता पहिल्या इंटर्नशिपला जाता-येता वाचतेय तर लक्षात येतंय, की हा तर जेमतेम माझ्या वयाचा पोरगा आहे! पहिली नोकरी, अनोळखी गाव, आणि शाळेत एक पोर नाही. सगळी मेंढरांमागे गेलेली. वाडीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याचा आधार नसता तर याचं काही खरं नव्हतं. नववीत मला दुष्काळाचा शेवट तेवढा लक्षात राहिला होता. या खेपेला पहिल्याच प्रकरणात अडकलेय, कारण तो घाबरलेला आहे आणि तसं दाखवत नाहीये. डेस्कवर पहिल्या दिवशी मीही दाखवलं नव्हतं.

त्या एफवायच्या मुलीशी आता बऱ्याचदा गप्पा होतात, लायब्ररीच्या मागच्या जिन्यात. हा लेख तिला विचारूनच लिहितेय. तिची ‘कोसला’ तिसऱ्यांदा चालू आहे असं कळलं तेव्हा मी विचारलं, की एवढा त्रास होतो तर परत परत का वाचतेस? ती म्हणाली, ‘या वेळी पूर्ण नाही वाचत. मनी आहे तिथपर्यंतच वाचते आणि परत पहिल्या पानावर येते.’

यावर मला काही सुचलं नाही. ‘भारी’ तर नाहीच. आम्ही तशाच बसून राहिलो, मग बेल झाली.

लेखाला परवानगी देताना तिनं दोन अटी घातल्या. एक, तिचं नाव नको. दुसरी, मनीबद्दल फार लिहायचं नाही, ज्यांचं वाचायचं राहिलंय त्यांनी ते स्वतःच वाचावं. म्हणून याहून जास्त लिहीत नाही. जाताजाता तिला विचारलं, मग पुढच्या १५ ऑक्टोबरला बोर्डवर काय लिहिणार? ती म्हणाली, ‘ताई, आधी तुमचं सांगा. आणि पान नंबरसकट सांगा.’

बनगरवाडी. पान १९.