आवाज मोठा, पण शब्द फाटतात का?



मेळाव्यात कर्णा कानठळ्या बसवत असतो, तरी मागून हाक येते, "ऐकू येत नाही, आवाज वाढवा!" बटण आणखी फिरवलं जातं आणि शब्द आणखी फाटतात. थकबाकी सात हजार की साठ हजार, तेही धड कळत नाही. असं का होतं, ते आज पाहू.

माइक आपल्या बोलण्याची विजेची लाट बनवतो. ती फार लहान, काही मिलिव्होल्टची असते. लाटेच्या उंचीवर आवाज लहान-मोठा ठरतो, तर आकारावरून 'स' आणि 'श' वेगळे कळतात. आकार तसाच ठेवून उंची वाढवणं, हे ॲम्प्लिफायरचं काम.

ही ताकद तो बॅटरीतून घेतो. १२ व्होल्टच्या साध्या ॲम्प्लिफायरमध्ये लाटेला मध्यापासून वर ६ आणि खाली ६ व्होल्ट एवढीच जागा असते. ५ मिलिव्होल्टची लाट हजारपट केली, तर ५ व्होल्टची होते आणि जेमतेम मावते. १० मिलिव्होल्टची लाट १० व्होल्टची व्हायला जाते, पण छत ६ वरच! मग तिचा माथा सपाट कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. त्यातून मूळ बोलण्यात नसलेले कर्कश सूर तयार होतात. बॅटरी उतरली की छत आणखी खाली येतं. सतत असं चाललं तर कर्ण्याचं युनिटही जळू शकतं.

आम्ही सभेआधी एवढं करतो. माइक तोंडापासून चार बोटांवर धरून एकीने भाषणाइतक्याच मोठ्याने आकडे म्हणायचे. आवाज फाटला, तर आधी माइकचं बटण कमी करायचं. लाट पहिल्याच टप्प्यात कापली गेली असेल, तर मुख्य बटण कमी करून फाटका आवाज नुसता हळू होतो, राहतो फाटकाच. त्यानंतर मुख्य बटण हळूहळू वाढवायचं.

तरीही मागे पोचत नसेल, तर एक कर्णा मागच्या रांगांजवळ न्या. ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. मोकळ्या जागी अंतर निम्मं केलं तर ६ डेसिबलने वाढतो, तोही बिनखर्चाचा.

पुढच्या सभेत एका मैत्रिणीला शेवटच्या रांगेत बसवा. तिला हप्त्याचा आकडा नीट कळला, की मगच सभा सुरू करा.