फिशटँक घ्यायचाय? मासे महिनाभर उशिरा आणा, पैसे वाचतील

तालुक्याच्या बाजारात पोरं मासेवाल्याच्या दुकानापुढून हलत नाहीत. मग काचेचं गोल भांडं, दोन गोल्डफिश आणि खाद्याची डबी एकाच दिवशी घरी येते. आठवड्याभरात मासे उलटे तरंगतात. पुन्हा नवे मासे, वर औषधाची बाटली. टाकीचा खर्च एकदाच होतो, खिसा रिकामा होतो तो या फेऱ्यांनी.

नव्या टाकीतले मासे बहुतेकदा रोगाने नाही, स्वतःच्याच घाणीने मरतात. विष्ठा आणि उरलेलं खाद्य यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. ताज्या शेणाने पिकाची मुळं जळतात, कुजलेलं खत मानवतं, त्यातलाच हा प्रकार. म्हणून आधी पाणी भरून स्पंज फिल्टर सुरू करावा आणि दिवसाआड चिमूटभर खाद्य टाकावं. ओळखीच्या कुणाची जुनी, चांगली चाललेली टाकी असेल तर तिथला स्पंज आपल्या पाण्यात पिळावा, काम लवकर होतं.

नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. भरलेली बादली दिवसभर उघडी ठेवली की क्लोरीन बराचसा उडून जातो. फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली कधीच धुवू नये, जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळायचा.

टाकी जुनी घेतली तरी चालते. अंगणात एक दिवस भरून ठेवा, गळती कळते. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच टाकीत ५० लिटरच्या आसपास पाणी मावतं. छोट्या भांड्यापेक्षा ती सांभाळायला सोपी, कारण जास्त पाण्यात घाण लगेच साचत नाही. फक्त स्टूल मजबूत हवं. ५ वॅटचा हवेचा पंप २४ तास चालला तरी महिन्याला ४ युनिटसुद्धा होत नाहीत.

गोल्डफिश वीतभर वाढतो आणि घाणही फार करतो. सुरुवातीला चार-पाच गप्पी बरे. बोअरचं जड पाणी त्यांना मानवतं, आणि मासे मोजकेच असले तर लाईट गेल्यावरही तग धरतात. डास कमी करायला आरोग्य खातं गप्पी सोडतं, त्यामुळे आरोग्य केंद्रात आधी विचारून पाहावं. मादी जवळपास दर महिन्याला पिल्लं देते. जास्त झालेली पिल्लं शेजाऱ्यांना द्यावीत, ओढ्यात सोडू नयेत. तिथल्या माशांची अंडी-पिल्लं ते खातात.