घरातल्या माणसाला अटक झाली तर

रात्री दाराची कडी वाजते. पोलीस घरातल्या तरुणाला सोबत घेऊन जातात आणि दहा मिनिटांत सारे घर, शेजारी, नातेवाईक गोळा होतात. कोणी म्हणते, नगरसेवकाला फोन लावा. कोणी म्हणते, मामूंच्या ओळखीचा हवालदार आहे. अम्मीचा प्रश्न एकच असतो, मुलगा घरी कधी येणार? या धावपळीत वकिलाची आठवण होते ती दुसऱ्या दिवशी दुपारी, न्यायालयात रिमांड होऊन गेल्यावर. हा उशीर फार महाग पडतो. जामीन ओळखीवर मिळत नाही, तो कलमे, कागद आणि तारखा यांवर मिळतो. म्हणून पहिल्या रात्री काय करायचे, हे प्रत्येक घरात किमान दोघांना तरी ठाऊक असायला हवे.

आधी चार गोष्टी लिहून घ्या

कोणत्या पोलीस ठाण्याने नेले, किती वाजता नेले, गुन्हा क्रमांक काय आणि कलमे कोणती, एवढे एका कागदावर लिहा. वकिलाचा पहिला प्रश्न हाच असेल. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. त्यामुळे कलमांचे जुने क्रमांक बदलले, पण हक्क कायम आहेत.

अटक झालेल्याला अटकेची कारणे सांगणे आणि घरच्यांना किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ही कारणे त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतात. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणे हा राज्यघटनेच्या कलम 22 ने दिलेला हक्क आहे. रविवार असो वा ईद, त्यात सूट नाही. सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी मॅजिस्ट्रेट नेमलेले असतात. चौकशी सुरू असताना वकिलाला भेटता येते, मात्र वकील सर्व वेळ शेजारी बसू शकत नाही. कोठडीत मारहाण झाली असेल तर ते मॅजिस्ट्रेटसमोर न घाबरता सांगावे.

महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती वगळता, अटक करता येत नाही. तशी वेळ आलीच तर मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी लागते. मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर वयाचा पुरावा, म्हणजे शाळेचा दाखला किंवा जन्माचा दाखला, लगेच घेऊन जा. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते.

कधी पोलीस अटक न करता हजर राहण्याची नोटीस देतात. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक आपोआप करायची नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या अर्नेश कुमार निकालात बजावले आहे. अशी नोटीस आली तर घाबरून गावी निघून जाऊ नका. वकिलाला दाखवा आणि ठरलेल्या वेळी हजर राहा. गैरहजेरी हेच पुढे अटकेचे कारण होते.

वकील कुठे शोधायचा?

ज्या न्यायालयात हजर करणार आहेत, तिथे रोज उभा राहणारा वकील शोधा. मालेगावच्या प्रकरणाला मुंबईचे मोठे नाव पहिल्या दिवशी उपयोगी पडेलच असे नाही. तालुका न्यायालयाच्या बार रूममध्ये चौकशी केली की फौजदारी काम करणाऱ्यांची नावे कळतात. दोघातिघांशी बोला आणि तीन गोष्टी विचारा. तारखेला तुम्ही स्वतः उभे राहणार की ज्युनिअर? फी फक्त रिमांडची की जामीन अर्जाचीही? पावती मिळेल ना? वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे पोलीस ठाण्याच्या दारात स्वतःहून गाठून "साहेबांशी सेटिंग आहे" म्हणणारा माणूस दलाल समजा. जामिनाची हमी कोणताही प्रामाणिक वकील देत नाही.

पैसे नसतील तर हातपाय गाळू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे कोठडीतील व्यक्ती, महिला आणि बालके यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 या क्रमांकावर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. वकील नसेल तर हजर करताना आरोपीनेही मॅजिस्ट्रेटना "मला वकील हवा" एवढेच सांगावे.

जामीन कसा मिळतो?

गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे आणि तो पोलीस ठाण्यातही मिळतो. आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर ती व्यक्ती गरीब आहे असे मानून तिला जातमुचलक्यावर सोडावे, असे कायदा सांगतो.

गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन मिळतो, फक्त तो न्यायालय ठरवते. माणूस पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, गुन्हा किती गंभीर आहे, हे पाहिले जाते. म्हणून पत्ता, नोकरी, आजारपण, घरातली जबाबदारी यांचे कागद वकिलाकडे द्या. पोलीस कोठडी, म्हणजे 'पीसीआर', चालू असताना सहसा जामीन होत नाही. न्यायालयीन कोठडी, 'एमसीआर', झाली की अर्ज दिला जातो. मॅजिस्ट्रेटनी नाकारला तर सत्र न्यायालय आणि त्यानंतर उच्च न्यायालय आहे. अटकेची भीती आधीच असेल तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात करता येतो. यूएपीए, मकोका, अमली पदार्थविरोधी कायदा यांत जामिनाच्या अटी कडक आहेत. तिथे त्याच कामाचा अनुभव असलेला वकील लागतो.

आता सर्वांत महत्त्वाची तारीख. पोलिसांनी साधारणपणे 60 दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवसांत दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. काही विशेष कायद्यांत ही मुदत वाढते. पण हा अर्ज दोषारोपपत्र येण्यापूर्वी करावा लागतो. एक दिवस चुकला तरी हक्क गेला. पहिल्या रिमांडची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि पन्नासाव्या दिवसापासून वकिलाला आठवण करत राहा.

आदेश झाला, पण सुटका अडली

जामीन मंजूर होऊनही कितीतरी जण जामीनदाराअभावी तुरुंगातच राहतात. जामीनदाराला आधार, रेशनकार्ड, पगाराची स्लिप, घरपट्टीची पावती किंवा सातबारा लागतो. काही वेळा तहसीलदारांचा ऐपतीचा दाखलाही मागतात. बीडहून पुण्यात रिक्षा चालवायला आलेल्या माणसाचा भाऊ बीडचा आहे, म्हणून तो चालत नाही असे कोणी सांगितले, तर वकिलाला 1978 चा मोतीराम निकाल दाखवायला सांगा. त्यात एका गवंड्याच्या भावाचा जामीन दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचे ठरवले. रक्कम झेपत नसेल तर ती कमी करण्याचा अर्ज करता येतो. काही काळासाठी रोख जामिनाची परवानगीही मागता येते. ही रक्कम न्यायालयात पावती घेऊनच भरावी.

सुटून आल्यावर अटी पाळणे ही घरच्यांचीही जबाबदारी आहे. ठाण्यात हजेरी, न्यायालयाची तारीख, फिर्यादी पक्षाशी संपर्क टाळणे, यातली एक चूकही जामीन रद्द व्हायला पुरते.

हे सारे संकट येण्याआधी करून ठेवणे सोपे आहे. मोहल्ल्यातल्या चार जाणत्यांनी बसून जवळच्या न्यायालयातील तीन-चार वकिलांचे क्रमांक लिहावेत. कागद तयार असलेले आणि जामीनदार राहायला राजी असलेले पाच जण ठरवावेत. त्याखाली 15100 लिहून तो कागद मस्जिदीच्या नोटीस बोर्डावर आणि बायकांच्या बचत गटात लावावा. रात्री बारा वाजता एखाद्या अम्मीला कोणाच्या दाराशी जायचे, एवढे तरी ठाऊक असेल.