प्रमेय नेमके काय सिद्ध करते?

'हे सिद्धच झालेले आहे' हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झाले आहे. व्यासपीठावरचा वक्ता ते वापरतो, अग्रलेख लिहिणारा वापरतो, धर्मग्रंथाचा अर्थ सांगणाराही वापरतो. ज्या समाजाला 'शास्त्रात असे सिद्ध आहे' एवढ्याच आधारावर गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्या समाजातील माणसाने तरी हा शब्द तपासल्याशिवाय स्वीकारू नये असे मला वाटते. गणितात आणि तर्कशास्त्रात या शब्दाला अतिशय नेमका अर्थ आहे. सिद्ध झालेल्या विधानाला तेथे प्रमेय म्हणतात. प्रमेय काय सांगते आणि काय सांगत नाही, हे ज्याला कळले त्याला शब्दांच्या जोरावर फसवणे अवघड जाते. म्हणून हा विषय मी गणिताच्या वर्गाबाहेर आणू इच्छितो.

पक्ष, साध्य, सिद्धता

शाळेतल्या भूमितीच्या पुस्तकात प्रत्येक प्रमेयाखाली तीन शब्द असतात : पक्ष, साध्य, सिद्धता. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरून गेलो. पक्ष म्हणजे जे दिलेले आहे, मानलेले आहे ते. साध्य म्हणजे जे दाखवायचे आहे ते. सिद्धता म्हणजे पक्षापासून साध्यापर्यंतची अशी वाट, की जिच्यातील प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरून अपरिहार्यपणे निघते.

परिचयाचे उदाहरण घेऊ. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते. हजार त्रिकोण काढून कोनमापकाने मोजले तरी हे सिद्ध होत नाही. हजार-एकावा त्रिकोण वेगळा निघणार नाही याची हमी मोजण्यातून मिळत नाही. सिद्धता वेगळ्या रीतीने चालते. त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा. पायाचे दोन्ही कोन व्युत्क्रम कोन म्हणून त्या रेषेवर शिरोबिंदूपाशी येऊन बसतात. मधला कोन तेथे आहेच. तिघे मिळून एक सरळ कोन होतो. आता मोजायची गरज उरली नाही. कोणत्याही त्रिकोणासाठी हाच युक्तिवाद लागू पडतो, कारण त्रिकोणाच्या विशिष्ट आकाराचा आपण कोठेच उपयोग केला नाही.

पण या वाटेत आपण एक गोष्ट मुकाट्याने घेतली. समांतर रेषांना छेदिका छेदते तेव्हा व्युत्क्रम कोन समान असतात, हे आपण गृहीत धरले. ते कशावरून? त्याचा आधार शोधत मागे गेलो की आपण युक्लिडच्या पाचव्या गृहीतकापाशी येऊन थांबतो. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने आपल्या भूमितीच्या ग्रंथात ते मांडले. आजच्या सोप्या भाषेत : रेषेबाहेरील बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते.

म्हणजे आपले प्रमेय 'त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असते' एवढेच म्हणत नाही. 'ही गृहीतके मान्य असतील तर' हा त्याचा अर्धा भाग आहे, आणि नेमका तोच अर्धा भाग आपण बोलताना गाळतो. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवावरून विषुववृत्तापर्यंत दोन रेखावृत्ते घ्या, एकमेकांशी काटकोन करणारी. विषुववृत्ताच्या तुकड्यासह एक त्रिकोण तयार होतो आणि त्याचे तिन्ही कोन काटकोन असतात. बेरीज २७० अंश. युक्लिडचे प्रमेय येथे खोटे पडले नाही. त्याचा पक्षच येथे हजर नाही.

'स्वयंसिद्ध' किती स्वयंसिद्ध?

या पाचव्या गृहीतकाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. ते इतर गृहीतकांवरून सिद्ध करता येईल या आशेने सुमारे दोन हजार वर्षे थोर थोर गणितज्ञ झटले. प्रत्येकाच्या सिद्धतेत कोठेतरी तेच गृहीतक दुसऱ्या वेषात शिरलेले आढळे. शेवटी रशियात लोबाचेव्हस्कीने १८२९ मध्ये आणि हंगेरीच्या बोयाईने १८३२ मध्ये उलट वाट धरली. एकापेक्षा अधिक समांतर रेषा काढता येतात असे मानून त्यांनी स्वतंत्र भूमिती प्रसिद्ध केली. तिच्यात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते. १८६८ मध्ये इटलीच्या बेल्ट्रामीने युक्लिडच्या भूमितीच्याच आत या नव्या भूमितीचे प्रतिरूप उभे केले. त्यामुळे जुनी भूमिती अंतर्विरोधापासून मुक्त असेल तर नवीही असली पाहिजे, हे स्पष्ट झाले.

दोन हजार वर्षे जे 'उघड सत्य' वाटत होते ते एक निवड ठरले. हे सहज घडले नाही. पण घडले, कारण गणितात गृहीतके उघड्यावर लिहिलेली असतात. लिहिलेल्या गोष्टीवर बोट ठेवता येते. समाजव्यवस्थेची गृहीतके कोणी पक्ष म्हणून लिहून देत नाही; ती 'परंपरा', 'निसर्ग', 'पूर्वकर्म' या नावांनी वावरतात. त्यांना कागदावर उतरवून घेणे हेच अर्धे काम आहे.

युक्तिवाद बिनचूक, तरी निष्कर्ष खोटा

तर्कशास्त्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. युक्तिवादाची पायरी बरोबर असणे ही एक आणि आधारविधाने खरी असणे ही दुसरी. पहिली तपासणी तर्कशास्त्र करते. दुसरी करायला वस्तुस्थितीकडेच जावे लागते.

याचे उत्तम उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील निबंधात आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले ते भाषण होऊ शकले नाही आणि त्यांनी ते स्वतः छापले. जातीच्या समर्थकांचा युक्तिवाद असा मांडता येईल : सुधारलेल्या समाजाला श्रमविभागणी लागते, जातिव्यवस्था ही श्रमविभागणी आहे, म्हणून जातिव्यवस्थेत आक्षेपार्ह काही नाही. ऐकणारा गडबडतो, कारण पहिले विधान नाकारणे कठीण. बाबासाहेबांनी ते नाकारले नाही. त्यांनी दुसऱ्या विधानाला हात घातला. जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, तीही एकावर एक रचलेल्या पायऱ्यांची, आणि माणसाच्या आवडीवर वा कुवतीवर ती आधारलेली नाही, हे त्यांनी दाखवले. आधारविधान ढासळले की निष्कर्षाला उभे राहायला जागा उरत नाही. कोणत्या वाक्याशी भांडायचे हे ओळखणे, ही तर्काची पहिली शिस्त.

'जर-तर'ची दिशा

'क असेल तर ख असते' यावरून 'ख असेल तर क असते' असे निघत नाही. भूमितीत याला व्यत्यास म्हणतात आणि त्याची सिद्धता वेगळी द्यावी लागते. ४ ने भाग जाणारी प्रत्येक संख्या सम असते. पण प्रत्येक सम संख्येला ४ ने भाग जात नाही, ६ ला जात नाही. मात्र 'ख नसेल तर क नसते' हे मूळ विधानातून निश्चित निघते. संख्या समच नसेल तर तिला ४ ने भाग जाणार नाही.

आता राखीव जागांवरील वादात नेहमी ऐकू येणारे विधान पाहा : गुणवत्ता असेल तर गुण मिळतात, याला गुण मिळाले नाहीत, म्हणून याच्यात गुणवत्ता नाही. आपले तरुण येथे तर्कच नाकारू पाहतात. ते चुकीचे आहे. येथे पायरी बरोबर आहे, दोष पक्षात आहे. पूर्ण पक्ष असा लिहावा लागेल : गुणवत्ता असेल, आणि अभ्यासाला दिवा, पोटाला अन्न, हाताला पुस्तक आणि शिकवणारा शिक्षक असेल, तर गुण मिळतात. मग गुण मिळाले नाहीत यावरून काय निघते? एवढेच की, यांपैकी निदान एक गोष्ट नव्हती. कोणती नव्हती हे तर्क सांगत नाही. ते त्या मुलाच्या घरी आणि शाळेत जाऊन पाहावे लागते. ज्याने न पाहताच 'गुणवत्ता नव्हती' म्हटले, त्याने काहीच सिद्ध केलेले नाही.

हेच माप आपल्यालाही लावले पाहिजे. 'चळवळीचा शत्रू चळवळीवर टीका करतो' हे खरे असेल. पण 'याने टीका केली, म्हणून हा शत्रू' हा व्यत्यास आहे आणि तो सिद्ध झालेला नाही. आपल्या किती फाटाफुटी या एका व्यत्यासावर उभ्या आहेत, याचा हिशेब कार्यकर्त्यांनी मांडावा.

कोणाचा शब्द चालतो?

१७६९ मध्ये ऑयलरने एक अंदाज मांडला. त्यानुसार चार पाचव्या घातांची बेरीज एक पाचवा घात असू शकत नव्हती. निदान पाच घात लागावेत. ऑयलर म्हणजे गणितातला केवढा अधिकार! तरीही त्या अंदाजाला जवळजवळ दोनशे वर्षे कोणी प्रमेय म्हटले नाही. १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन यांनी संगणकाच्या साहाय्याने दाखवले की २७, ८४, ११० आणि १३३ यांच्या पाचव्या घातांची बेरीज नेमकी १४४ च्या पाचव्या घाताएवढी भरते. एका उदाहरणाने अंदाज संपला. ज्याला गुणाकार-बेरीज येते तो कोणीही हे पडताळू शकतो. उलट, २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हा गोल्डबाखच्या १७४२ च्या पत्रातून आलेला अंदाज ४ वर १८ शून्ये एवढ्या संख्येपर्यंत तपासला गेला आहे, तरी तो अजून प्रमेय नाही. असंख्य दाखले पुरत नाहीत आणि मोठे नावही पुरत नाही.

याशेजारी मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील अकरावा श्लोक ठेवा. हेतुशास्त्राचा म्हणजे तर्काचा आधार घेऊन जो श्रुति-स्मृतींचा अवमान करील त्याला बहिष्कृत करावे, असा त्याचा आशय आहे. येथे प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नाही, शिक्षा आहे.

पण याच भूमीत दुसरी परंपराही होती आणि ती आपली आहे. दिङ्नाग आणि सातव्या शतकातील धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडितांनी ज्ञानाची दोनच प्रमाणे मानली : प्रत्यक्ष आणि अनुमान. शब्दाला स्वतंत्र प्रमाण म्हणून त्यांनी स्थान दिले नाही. वेदाचे प्रामाण्य मानणे आणि जातीचा गर्व बाळगणे या दोन्ही गोष्टी धर्मकीर्तीने बुद्धी नष्ट झाल्याच्या लक्षणांत घातल्या. तर्कशास्त्राच्या ग्रंथात जातिगर्वाचा समाचार घ्यावा असे त्याला वाटले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कालामांना केलेल्या उपदेशात बुद्धाने तर आणखी पुढचा इशारा दिला : परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, आणि केवळ तर्कात बसते म्हणूनही मानू नका. वर पाहिलेली 'पक्ष' आणि 'पायरी' यांची फारकत लक्षात घेतली, तर या शेवटच्या इशाऱ्याचे मोल कळते.

'काटकोन त्रिकोणाचे प्रमेय आमच्या शुल्बसूत्रांत होते' असे अभिमानाने सांगितले जाते. बौधायनाच्या सूत्रात आयताच्या कर्णाचा तो नियम आहे, ही गोष्ट खरी. पण तेथे नियम सांगितला आहे, सिद्धता दिलेली नाही. सिद्धता पाहायची असेल तर सोळाव्या शतकातील केरळच्या ज्येष्ठदेवाच्या 'युक्तिभाषा' या ग्रंथाकडे जावे. त्याने गणिताच्या युक्ती, म्हणजे कारणे, पायरीपायरीने उलगडल्या, आणि त्या संस्कृतात नव्हे तर मल्याळमात लिहिल्या. अभिमान बाळगायचाच तर अशा ग्रंथाचा बाळगावा.

गोडेलचा गैरवापर

अलीकडे बुवाबाजीच्या व्यासपीठावरही कुर्ट गोडेलचे नाव येऊ लागले आहे. 'बुद्धीला मर्यादा आहेत हे गणितानेच सिद्ध केले, म्हणून श्रद्धेला शरण जा' असे सांगितले जाते. गोडेलने १९३१ मध्ये सिद्ध केले ते असे : एखाद्या तर्कपद्धतीची गृहीतके ठरावीक नियमाने लिहून काढता येत असतील, तिच्यात पुरेसे अंकगणित मांडता येत असेल आणि ती अंतर्विरोधापासून मुक्त असेल, तर तिच्या भाषेत असे विधान असतेच की जे त्या पद्धतीत सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. सगळ्या अटी पाहा. या अटी न पुरवणाऱ्या पद्धतीला हे प्रमेय लागूच होत नाही. ते विशिष्ट पद्धतींविषयी बोलते. देव, आत्मा, गुरू यांविषयी चकार शब्द काढत नाही. आणि मुख्य म्हणजे गोडेलला हे कोणा साक्षात्कारातून मिळाले नाही. सिद्धतेच्या मर्यादा त्याने सिद्धता देऊनच दाखवल्या, आणि ती सिद्धता कोणीही तपासू शकतो. कोणत्या धर्मपीठाने आपल्या मर्यादा अशा स्वतःच आखून दिल्या आहेत?

तेव्हा प्रमेयाचा अर्थ थोडक्यात असा : ही गृहीतके घेतलीत तर हा निष्कर्ष तुम्हाला टाळता येणार नाही. त्यात गृहीतके खरी असल्याची ग्वाही नाही. पण एवढ्या मर्यादित अर्थातही मोठी समता आहे. सिद्धता कोणी लिहिली यावर तिचे बरोबर असणे अवलंबून नसते, आणि मागच्या बाकावरच्या मुलीला तिच्यातली चूक सापडली तर प्राध्यापकालाही खडू खाली ठेवावा लागतो. सिद्धतेला जात नाही. फळ्यापर्यंत जाणाऱ्या वाटेला मात्र आहे, आणि ती वाट मोकळी करणे हे गणिताचे नव्हे, आपले काम आहे.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की, प्रमेये पाठ करून घेऊ नका. 'पक्ष' वाचून झाल्यावर थांबा आणि विचारा : यातले एक वाक्य काढून टाकले तर काय होईल? आणि अभ्यासवर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी एखादे भाषण, एखादा अग्रलेख घेऊन त्याचा पक्ष कागदावर लिहून काढावा, मग प्रत्येक पायरी तपासावी. सुरुवात विरोधकाच्या भाषणापासून करायला हरकत नाही. दुसऱ्या आठवड्याला स्वतःचे भाषण घ्यावे.