अष्टमीची रात्र आणि उपग्रहाचं घड्याळ

२०२१ सालची गोकुळाष्टमी चाळीसगावकर विसरलेले नाहीत. श्रावणी सोमवार, ३० ऑगस्ट. त्या रात्री अजिंठ्याच्या डोंगररांगेत पाऊस कोसळला, कन्नड घाटात दरडी आल्या आणि ३१ तारखेच्या पहाटे तितूर आणि डोंगरी नद्या गावात शिरल्या. हवामान खातं सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतं आणि मोजणीच्या दिवशी मांडतं. म्हणून रात्रीचा हा पाऊस सरकारी नोंदीत ३१ ऑगस्टचा. उपग्रहाची त्या रात्रीची चित्रं मात्र ३० तारखेखालीच शोधावी लागतात. उपग्रह जागतिक वेळ पाळतो, ती आपल्या साडेपाच तास मागे. फाईलच्या नावात ३० ऑगस्ट आणि २१०० असेल, तर चाळीसगावात ३१ चे पहाटेचे अडीच वाजलेले असतात. ३१ ची फाईल उघडली की थेट पहाटे साडेपाच. नवखा माणूस पहिला इथेच चुकतो.

चित्रांचं भांडार अहमदाबादेत, इस्रोच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या ‘मॉसडॅक’मध्ये आहे. नोंदणी करून ती मागवता येतात. त्या रात्री आपल्यावर दोन डोळे होते: २०१३ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डी ८२ अंश पूर्व रेखांशावर आणि २०१६ चा इन्सॅट-३डीआर ७४ अंशांवर. प्रत्येकाचं चित्र अर्ध्या तासाला, पण वेळा एकमेकांच्या मधोमध ठेवलेल्या. त्यामुळे दोन्ही एकत्र लावली की दर पाव तासाला आभाळ दिसतं.

सहा वाहिन्यांपैकी दृश्य प्रकाशाची वाहिनी सर्वांत रेखीव, एक किलोमीटरची. पण रात्री तिच्यात नुसता काळोख. मग साडेदहा-अकरा मायक्रॉनच्या आसपासची औष्णिक अवरक्त वाहिनी घ्यायची. तिचा एक ठिपका साधारण चार किलोमीटरचा. फाईलमध्ये त्या ठिपक्याजागी थेट तापमान नसतं, ० ते १०२३ पर्यंतचा एक आकडा असतो. सोबतच्या कोष्टकातून त्याचं तापमान काढायचं, तेही केल्विनमध्ये. २०३ केल्विन म्हणजे उणे ७० सेल्सिअस, म्हणजे ढगाचा माथा फार उंच गेलेला. ज्यांना एवढ्या खोलात शिरायचं नाही त्यांनी आशियापुरतं कापून नकाशावर बसवलेलं चित्र मागवावं. अक्षांश-रेखांशाची निम्मी डोकेदुखी वाचते.

निम्मीच, कारण उपग्रह विषुववृत्तावर असतो आणि खानदेशाकडे तिरका पाहतो. पंधरा किलोमीटर उंचीचा माथा नकाशावर सहा-सात किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो. सपाट मुलखात हे खपून जाईल. इथे नाही. चाळीसगावची दक्षिणेकडची शीव सोडली की डोंगर जवळच, आणि गावावर दिसणारा ढग खरा पाटणादेवीच्या बाजूला असू शकतो.  पुराचं पाणी कुठून आलं हे ठरवायचं तर ही सरक दुरुस्त केल्याशिवाय बोलूच नये.

आणि थंड माथा म्हणजे पाऊस नव्हे. वादळी ढगाच्या वरची पसरट चादर कोरडी असली तरी तितकीच गार असते. ‘हायड्रो-एस्टिमेटर’सारखी पद्धत याच तापमानावरून पावसाचा अंदाज बांधते, पण तो अंदाजच. म्हणून नासाच्या ‘आयमर्ज’शी ताडून पाहावं: तिथे सूक्ष्मलहरींची मोजणीही मिसळलेली असते, दर अर्ध्या तासाला, सुमारे अकरा किलोमीटरच्या चौकटीत. अंतिम आवृत्ती काही महिन्यांनी येते, तेव्हा ती जमिनीवरच्या पर्जन्यमापकांशी जुळवलेली असते. तरी अकरा किलोमीटरच्या चौकटीत एका ओढ्यावरचा मारा पातळ होतो. ताशी शंभर मिलिमीटर ही ढगफुटीची खात्याची कसोटी. तिच्यावर त्या रात्रीला घासायचं तर तासातासाची नोंद ठेवणारं जमिनीवरचं यंत्रच हवं.

केळीच्या विम्याचं भांडणही शेवटी इथेच अडतं. जळगावच्या केळीला फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या आकड्यांवर मिळते, उपग्रहाच्या चित्रावर नाही. तरीही केंद्राने ढगाळ रात्री कडाक्याची थंडी नोंदवली, तर त्याच वेळची अवरक्त चित्रं काढून प्रश्न विचारता येतो: ढगांच्या पांघरुणाखाली पारा इतका उतरला कसा? माझ्या मते अभिलेखागाराचा खरा उपयोग हाच, साक्षीदाराची उलटतपासणी.

२०१३ च्या आधीचं काही हवं असेल, उदाहरणार्थ ऑगस्ट २००६ मधला तापीचा महापूर, तर इन्सॅट-३डी सोडून कल्पना-१ कडे जावं. २००२ साली मेटसॅट नावाने गेलेला हा उपग्रह. अंतराळवीर कल्पना चावलांच्या मृत्यूनंतर त्याला त्यांचं नाव मिळालं. वाहिन्या तीनच. घड्याळ तेच, साडेपाच तास मागे.